वैऱ्याने भरलेली पेटी

आडवेळ बंदरातल्या कुठल्याही होडीवर चढा पाहुणे, सुकाणूपाशी एक निळी पत्र्याची पेटी दिसेल. आत पट्ट्या, आयोडीन, तापाच्या गोळ्या, एखादी ब्रँडीची बाटलीसुद्धा. औषधाची पेटी काय, सगळ्याच बंदरांत असते. आमच्याकडची खोड वेगळी. ही पेटी होडीच्या मालकाच्या घरचे भरत नाहीत. ज्या घराशी त्यांचं हाडवैर, त्या घरची बाई ती भरते. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी येते, नाक मुरडून का होईना, पण भरून जाते.

ही रीत लडकू नाखव्यापासून पडली असं सांगतात. बंदरात नुकत्याच इंजिनाच्या होड्या आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट.

लडकूच्या शेजारी पोशा नाखव्याचं घर. दोघांच्या होड्या एकाच सुताराने बांधलेल्या, जाळी एकाच दुकानातली, समुद्र तर एकच. पण पोशाची होडी धक्क्याला लागली की पापलेटाच्या पाट्या उतरायच्या, आणि लडकूच्या होडीतून स्वस्तातली बारीक मांदेली. लडकूचा जळफळाट व्हायचा. पोशाने घराला कौलं घातली तेव्हा म्हणे लडकू दोन दिवस जेवला नाही. बायको हिरुबाय म्हणायची, "पोश्याचे कौलांनी तुजे घरान पानी गललं काय रं? जेव मुकाट्यानं!"

तो जेवला, पण जळणं काही थांबलं नाही. उलट त्याने एक धंदाच लावून घेतला. पोशा ज्या दिशेला जाईल, त्या दिशेला हाही निघायचा. पोशाची होडी ठिपक्याएवढी दिसेल इतक्या अंतरावर राहायचं, तो थांबला की थांबायचं, तो वळला की वळायचं. नऊ वर्षं हा उद्योग चालला. सगळं बंदर हसायचं. पोशा तर मुद्दाम वाकडातिकडा जाऊन त्याचं डिझेल जाळायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर दोघे फार खोल गेले. किनारा सोडून तिसरा दिवस. सकाळी लडकूने पाहिलं, तर पोशाची होडी जागच्या जागी उभी. खलाशी सगळे एका बाजूला वाकलेले. एक जण टपावर चढून लाल लुंगी हलवत होता.

आता दुसऱ्या कुणाला हे दिसलं असतं, तर काहीतरी विपरीत झालं म्हणून तो धावला असता. लडकूचं मन नऊ वर्षं एकाच गोष्टीवर घासलेलं. त्याला वाटलं, पोशाला माशांचा थवा लागलाय, आणि आपल्याला हाकलताहेत.

"हाकलतंय मना! समिंदर काय याच्या बापासचा हाय?" असं म्हणून त्याने तिथेच हट्टाने जाळं सोडलं. पोशाच्या होडीला लांबून वळसे घालत दीड-दोन तास जाळं ओढलं. लाल लुंगी हलतच राहिली. लडकूने तिकडे पाठ केली.

आणि जाळं वर घ्यायला लागले तर ते येईना. सहा माणसं लागली तरी हलेना, इतकं जड. पाण्याखाली चांदीसारखं लखलखलं. सगळं पापलेट! लडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. आता धक्क्यावर पोशाच्या नाकासमोर पाट्या उतरवायच्या, एवढंच त्याला दिसत होतं.

वळसे घेता घेता होडी आता हाकेच्या अंतरावर आली होती. पलीकडून आवाज आला, "नाखवा मरतंय रं! जाल्याला आग लाव नि ये!"

जाळ्यातला पाकट मासा सोडवताना त्याच्या शेपटीचा विषारी काटा पोशाच्या पोटरीत आरपार घुसला होता. रक्त थांबत नव्हतं. घाईत होडी वळवताना जाळं पंख्यात गुरफटलं आणि इंजिन बंद पडलं. पेटी उघडली, तर तीत पत्त्यांचा डाव आणि विड्या. आपल्याला कधी काही होणार नाही, अशी पोशाला गुर्मी होती.

लडकू उभाच राहिला. मरू दे, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने पुढे स्वतः देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. जाळं वर घ्यायला अर्धा तास लागला असता. पण मग त्याला वाटलं, पोशाच नसला तर हे पापलेट दाखवायचं कुणाला?

त्याने कोयता घेतला आणि दोर तोडले. जन्मात पहिल्यांदा भरलेलं जाळं तळाला गेलं.

हिरुबायने भरून दिलेली पेटी घेऊन तो पलीकडे उतरला. जखम घट्ट बांधली, विष उतरावं म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरला. पोशाने डोळे उघडले. "येवरा वेल लावलास?" तो म्हणाला. "मना ठावं व्हतं, तू मागं असशीलच."

लडकूने पोशाची होडी आपल्या होडीला बांधून घेतली.

रात्रंदिवस होडी हाकून त्याने पोशाला किनाऱ्याला आणलं. पोशा जगला, पाय मात्र गेला. दीड-दोन तास आधी पट्टी पडली असती तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा लडकूने देवळात सगळं कबूल केलं आणि नवस बोलला, की यापुढे पोशाच्या होडीची पेटी आपल्या घरून भरली जाईल. ज्याचं वाईट चिंतलं, त्याच्यासाठी वर्षातून एकदा तरी आपल्या हाताने औषध ठेवायचं. दुसऱ्या वर्षी पोशाच्या बायकोनेही लडकूची पेटी भरायला मागून नेली.

द्वेष गेला म्हणता? छे! लंगड्या पोशाला बघायला गाव लोटायचं, तर लडकू म्हणे, "पाय गेला तरी मान याचाच!" होडीवर जाणं पोशाने सोडलं नाही, आणि मागे लागणं लडकूनेही.

पुढे पोशा म्हातारपणाने वारला. त्या वर्षी पुनव झाली, सगळ्या होड्या सुटल्या, लडकूची मात्र धक्क्यालाच. हिरुबायने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कोनाचे मागं जाऊ?"

आजही आडवेळीत नाखवा वारला, की त्याची पेटी घरात ठेवत नाहीत. ती वैऱ्याच्या दारात नेऊन देतात, आणि त्याच्याही घरात त्या दिवशी चूल पेटत नाही.