घुशींचं मागचं दार

फार फार पूर्वी, कोंबड्या माणसांच्या दारी यायच्याही आधी, माळावर ठिपकी नावाची कोंबडी राहत होती. तिच्या पिल्लांना घुशींचं भय, म्हणून म्हातारा बोका घुशींची शिकार करायचा. दोन-चारच घुशी उरल्या तेव्हा ठिपकीच म्हणाली, "पुरे आता बोकोबा, तुमच्या गुरगुरण्यानं पिल्लं दचकतात." बोका थांबला. आपण किती समंजस, असंही तिला वाटलं.

पुढे एका सकाळी तिच्या डोळ्यांदेखत घुशीनं धाकटं पिल्लू बिळात ओढून नेलं. बोका मागोमाग घुसला आणि रिकाम्या पंजांनी बाहेर आला. पलीकडच्या झुडपातून घुशीचा आवाज आला, "काय बोकोबा, दात पडले वाटतं?"

ठिपकीची चोच उघडी ती उघडीच राहिली. उरलेल्या घुशींनी मागचं दार खणलं होतं!

"माझीच अक्कल नडली," ती कशीबशी म्हणाली. "आता उरलेल्या पिल्लांसाठी तरणा बोका शोधते."

"त्यालाही हेच दार चकवेल," बोका म्हणाला.

शेजारचं कासव पुढे आलं. "मावशी, मला घूस मारता येत नाही. बसता मात्र छान येतं." ते मागच्या दारावर जाऊन बसलं.

बोका पुढून शिरला. घुशी हसत मागे पळाल्या आणि कवचावर धडकल्या. आत एकच कल्लोळ उठला. ठिपकी थक्क! बोक्याचे दात तर तेच होते.

आवाज थांबला, तसं कासव उठू लागलं. ठिपकी फडफडत त्याच्या पाठीवर चढून बसली.

"हलायचं नाही, बाळा! एकही उरली नाही असं बोकोबा स्वतः येऊन सांगेपर्यंत आपण दोघं इथंच."