भालचंद्राच्या नव्वद चिठ्ठ्या

एका तालुक्याच्या गावात एक पोह्यांची गिरणी होती. तिच्या कचेरीत भालचंद्र नावाचा एक कारकून होता. माणूस कामाचा, म्हणून सगळी कामं त्याच्याच गळ्यात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चलन, आणि दारात ट्रकवाला घाई करत उभा. बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसे.

ही गोष्ट मोबाइल घरोघर येण्याच्या आधीची. गिरणीचे मालक बापूशेठ यांनी पोह्यांची पाकिटं भरणारं एक चिनी यंत्र आणलं. यंत्र झकास होतं, पण मधूनच एखादं पाकीट आत अडकायचं. ते यंत्र चालू ठेवूनच हात घालून काढावं लागे, कारण बंद केलं की पाकीट आतच आवळलं जाई. आणि आत होतं पातं. पातं बाहेरून दिसत नसे. यंत्राच्या कपाळावर एक काच होती, तिच्यात चिनी अक्षरं उमटत. कधी ‘थांबलंय, हात घाला’, तर कधी ‘फिरणार, हात काढा’. अक्षरं बघता बघता बदलत. पुस्तकात शोधत बसायला सवडच नाही, ती वाचताच आली पाहिजेत. यंत्र चालवायचं भिकाजीने. तो म्हणाला, “वाचणारा माणूस शेजारी उभा करा, मगच मी हात घालतो.”

बापूशेठांनी शहरातून चिनी अक्षरांचं पुस्तक मागवलं आणि भालचंद्रापुढे ठेवलं. “नव्वद अक्षरं आहेत. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली की काच वाचून दाखव. वाचलीस, तर यंत्रखातं तुझं.”

यंत्रखातं म्हणजे फोन नाही, चलन नाही, ट्रकवाला नाही. भालचंद्राला भारी आनंद झाला. पण अभ्यास करायचा कधी? पुस्तक उघडलं की फोन वाजे. फोन ठेवला की ट्रक येई.

मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने नव्वद चिठ्ठ्यांवर नव्वद अक्षरं काढली आणि त्या कचेरीभर चिकटवल्या. ‘पाणी’ माठावर, ‘आग’ चहाच्या शेगडीवर, ‘कागद’ फायलींच्या कपाटावर, ‘हात’ दाराच्या कडीवर. ‘थांब’ लावलं भिंतीवरच्या घड्याळावर, कारण ते दोन वर्षं बंदच होतं. आता पाणी प्यायला गेलं की एक अक्षर, कडी काढली की दुसरं. कामही चालू, अभ्यासही चालू. वेगळा वेळ म्हणून काढायलाच नको!

दोन महिन्यांत तो तयार झाला. लांबून बघूनसुद्धा अक्षरं धडाधड सांगू लागला. बापूशेठ खूश झाले. भालचंद्र स्वतःवर त्याहून खूश.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कचेरी धुऊनपुसून काढायची गिरणीची रीत होती. झाडलोट करणाऱ्या शकूताईंनी भिंती पुसल्या, कपाटं पुसली, आणि चिठ्ठ्या खळ लावून पुन्हा नीट चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भालचंद्र आल्या आल्या त्या कौतुकाने म्हणाल्या, “भाऊ, एक हरवू दिली नाही. मोजून नव्वद!”

भालचंद्र माठापाशी गेला. तिथे भलतंच अक्षर. ओळखीचं तर वाटत होतं. शेगडीवर कालचं नव्हतं. घड्याळावरचं तर आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. “अहो, सगळी अदलाबदल झाली!” तो ओरडला आणि माठावरची चिठ्ठी उपटून तिच्या जागी लावायला निघाला. चार पावलं गेला आणि थांबला. तिची जागा कुठली? चिठ्ठी त्याने उलटी धरली, सुलटी धरली. ही आग, कागद, की हात? त्याला काही म्हणता काही कळेना. माठ, शेगडी, घड्याळ त्याला पाठ होतं. अक्षर एकही येत नव्हतं.

इतक्यात बाहेरून हाक आली. यंत्राला झेंडूचा हार चढला होता, नारळ फुटला होता, पेढे तयार होते. यंत्र सुरू झालं आणि दहाव्याच पाकिटाला अडकलं. काचेत हिरवी अक्षरं उमटली. भिकाजीने बाही वर सारली. “अण्णा, नीट बघून सांगा बरं. बोटं दहाच हायत माझी.”

भालचंद्राने काचेकडे पाहिलं. अक्षर ओळखीचं होतं, नक्की ओळखीचं! पण कुठलं? घड्याळावरचं? ते काल घड्याळावर होतं, की आज माठावर पाहिलं? डोळ्यांपुढे माठ आणि घड्याळ गरगरा फिरू लागले. सगळी गिरणी त्याच्या तोंडाकडे बघत होती. बापूशेठ बघत होते. यंत्रखातं एका शब्दावर आलं होतं.

“घालू का हात?” भिकाजीने विचारलं.

“नको!” भालचंद्र ओरडला. “भिकाजी, हात घालू नकोस. शेठ, मला वाचता येत नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. बापूशेठांचा चेहरा पडला. भालचंद्राला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भिकाजीने मात्र बाही खाली केली आणि म्हणाला, “बरं केलंत अण्णा.” यंत्र कापडाने झाकलं गेलं. पेढे तेवढे सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या आठवड्यात भालचंद्राने नव्वदच्या नव्वद चिठ्ठ्या काढल्या आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या. ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला की पाच-सात मिनिटं मिळत. तेवढ्यात तो तीनच चिठ्ठ्या उचले, ओळखी, पालथ्या घाली आणि न बघता रद्दी चलनाच्या पाठीवर लिहून काढी. चुकलं की पुन्हा खोक्यात. फोन वाजला तर शकूताई उचलत आणि ठणकावून सांगत, “भाऊ अभ्यासाला बसलेत.” ट्रकवाले चक्रावून जात.

आता धडाधड काही येईना. कधी दिवसाला एक येई, कधी आलेलंही जाई. भालचंद्र चिडे, पण खोकं सोडत नसे.

संक्रांतीला यंत्रावरचं कापड पुन्हा निघालं. पाकीट अडकलं. काच उजळली.

“फिरणार आहे,” भालचंद्र म्हणाला. “थांब.”

भिकाजी थांबला. आत पातं खस्सकन फिरलं. काचेतली अक्षरं बदलली.

“थांबलंय. आता घाल.”

भिकाजीने हात आत घातला, पाकीट बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर बोटं मोजली. “दहाच्या दहा!”

तात्पर्य: कामाच्या गर्दीत अभ्यासाला पाचच मिनिटं द्या, पण ती पुरी द्या. येता-जाता नुसतं नजरेखालून गेलेलं ओळखीचं होतं, आपलं होत नाही.