नमुन्याच्या घरातला पलंग

बिल्डर धायगुडे साहेबांनी नमुन्याचं घर असं सजवलं होतं की, सखाराम आबांचा भरत जागेवरच सही करायला निघाला. जन्माची पुंजी पणाला लागलेली. आबांनी चपला काढल्या आणि बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवे झाले. पाय पार बाहेर लोंबले.

"अहो आजोबा, तो नुसता बघायचा पलंग आहे!" साहेब खेकसले. "खोली बघा की, केवढी ऐसपैस!"

"पलंग आखूड केल्यावर खोली ऐसपैस दिसणारच," आबा पडल्या पडल्याच म्हणाले. "घर पसंत आहे, साहेब. फक्त घराबरोबर माणसंही याच मापाची द्या. आमची जरा लांब निघाली."

भरतनं पेन खिशात ठेवलं. पुढं त्यानं जे घर घेतलं, तिथं आबांचा जुना पलंग मावला आणि पलंगावर आबाही मावले.