आंब्रुशची भिंत

हंगेरीच्या डोंगराळ मुलखात एक लहानसे गाव होते. गाव कसले, चार गल्ल्या आणि द्राक्षांचे मळे. मठाचे चर्च मात्र दणकट आणि त्याभोवतीची भिंत त्याहून दणकट. त्या मुलखात लुटारू घोडेस्वार फिरत. घंटा वाजली की सारा गाव गुरावासरांसकट भिंतीआड जाऊन बसे.

पुढे साथ आली आणि मठातले साधू एकामागून एक गेले. शेवटच्या साधूने जाता जाता मठाची किल्ली गावातल्याच आंब्रुश नावाच्या माणसाच्या हाती दिली. म्हणाला, "ही भिंत साऱ्या गावाची आहे. सांभाळ."

आंब्रुश सज्जन होता, पण महा भिडस्त. कुणाला नाही म्हणणे त्याला जमतच नसे. एके दिवशी शेजारचा बालिंट आला. "माझं वाइनचं तळघर खचतंय रे. भिंतीच्या मागच्या अंगाचे चार दगड नेऊ? तिकडे कोण बघतंय!" आंब्रुशने मान हलवली. मग एका विधवेला चुलीसाठी दगड हवे झाले, कुणाला विहिरीसाठी. एकाला दिले, तर दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? जो तो समजे, आपण नेले ते चारच. होता होता मागची भिंत कमरेइतकी उरली. आंब्रुशसारखा दिलदार माणूस नाही, असे गाव म्हणे आणि ते ऐकून त्याला बरे वाटे.

त्याची बायको ओर्शोया एकदा चिडून म्हणाली, "आपल्या घराचा एक तरी दगड दिलात का कुणाला?"

ऐन द्राक्षांच्या तोडणीत घोडेस्वार दिसले. घंटा वाजली, सारे सवयीने चर्चकडे धावले. आंब्रुशने दाराला अडसर घातला. घोडेस्वारांनी दाराकडे पाहिलेही नाही. ते मागून आले, कमरेएवढ्या भिंतीवरून घोडे उडवत.

संध्याकाळी वाचलेले लोक आपापली माणसे शोधत होते. आंब्रुश मेलेल्या ओर्शोयाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. त्याला रडायचेही सुचत नव्हते. इतक्यात बालिंट आला. त्याच्या मुलाला लुटारूंनी धरून नेले होते.

"तुझ्यामुळे झालं हे!" तो ओरडला.

"बालिंट, पहिले दगड तूच नेलेस."

"मला गरज होती, मी मागितले. पण राखण तुझ्याकडे होती ना? मग तू नाही का म्हणाला नाहीस?"



तात्पर्य: सर्वांची ठेव भिडेपोटी वाटून टाकणे हे औदार्य नव्हे; जो राखणीला बसला, त्याला वेळेवर 'नाही' म्हणता आले पाहिजे.