वांझ फुलाचा चिबूड

त्या वर्षीचा चातुर्मास इरलेमहाराजांनी कोंडशेतात काढला. ऊन असो, पाऊस असो, महाराजांच्या पाठीवर पानांचे इरले असायचेच, म्हणून हे नाव. मुक्काम गोपाळकृष्णाच्या देवळाच्या पडवीत. गावातल्या मोठ्या घरांनी आपापल्या माजघराची आमंत्रणे दिली, तेव्हा महाराज म्हणाले, "देवाचे घर गळते आहे, मी कोरड्यात झोपून काय करू?" मोठी घरे मनातून खूशच झाली. बोलावल्याचे पुण्य मिळाले आणि शिधाही वाचला!

देवळाच्या वरच्या अंगाला आवडूचे घर होते. पोटी मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरच्या पडक्या घरी आणून सोडले. आवडूने कोणापुढे हात पसरला नाही. परसात दुधी, पडवळ, काकडी लावली आणि त्यावर पोट भरले. गाव तिची भाजी आवडीने खाई, पण घरात बारसे असले की तिच्या दारावरून मुकाट्याने पुढे जाई. वांझेचे पडवळ चालत होते, वांझ चालत नव्हती. काय म्हणावे या शहाणपणाला!

कोंडशेतात एक रीत होती. गोपाळकाल्याच्या सकाळी बाळकृष्णाचा पाळणा हलवायचा, आणि ज्या घरचा पिकलेला चिबूड नैवेद्याला सर्वांत आधी येईल त्या घरच्या बाईने पहिली दोरी ओढायची. आवडूला जन्मात एकदा ती दोरी हातात धरायची होती. माणसांच्या पाळण्याला तिला कोणी शिवू देत नव्हते; देवाच्या पाळण्याला तरी कोण अडवणार, असे तिला वाटले.

मृग लागताच तिने आळी केली, राख आणि कुजके शेण घातले, चिबडाचे बी टोकले. वेल बघता बघता परसाच्या कुंपणाला, वईला, जाऊन भिडली. फुलेही आली, पण सगळी नुसत्या देठावरची. ज्याच्या मागे इवलेसे फळ धरलेले असते तसे फूल एकही नाही. देठावरच्या अशा फुलांना तिकडे वांझ फुले म्हणत.

नारोपंत हे देवळाचे मानकरी. वईवरून डोकावल्याशिवाय त्यांना चैन कसली? बरोबर दोनचार होयबा होतेच. पंत म्हणाले, "काय गो आवडू, वांझेच्या परसात सगळी वांझ फुले! वेलीनेसुद्धा मालकीण ओळखली हो!"

होयबा फिदीफिदी हसले. आवडूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, "फुले कोणाला हसत तर नाहीत ना, पंत. माझ्या परसात तेवढे बरे आहे."

पुढे एका सकाळी पानाआड सुपारीएवढे फळ दिसले आणि आवडू हरखली. ही बातमी पंतांना लागायला कितीसा वेळ! कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवले की ते कुजते, हे तिथले शेंबडे पोरही जाणते. दाखवायचेच झाले तर बोट दुमडून पेराने दाखवतात. पंत आले, वईवरून वाकले, आणि "हे काय गो, हे?" म्हणत त्यांनी सरळ बोट रोखले.

"पंत, बोट!" आवडू ओरडली.

"अगोबाई, विसरलोच की!" पंत म्हणाले. आणि बोट तसेच धरून उभे राहिले.

फळ पिवळे पडले, काळवंडले, गळले. ते ओंजळीत घेऊन आवडू महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, चुकून दाखवले असते तर रडले असते. जाणूनबुजून दाखवले. मला रडू येत नाही, राग येतो."

महाराज म्हणाले, "मग तो राग खाली सांडू नकोस, बाय. चल, वेल दाखव."

परसात येऊन महाराजांनी एका वांझ फुलाला दुमडलेल्या बोटाने हळूच स्पर्श केला. "याला वांझ कोणी म्हटले?"

"पंतांनी."

"देवाने तर नाही ना? मग झाले. पंतांचे बोट पंतांपाशीच राहू दे."

त्याच घटकेपासून नारोपंतांच्या उजव्या हाताचे ते बोट दुमडेना! जेवायला बसले की घासाआधी ते नाकात जाई. वैद्याने तेल चोळले, शेक दिला. बोट खुंटीसारखे ताठ. पंतांनी त्यावर चिंधी गुंडाळली आणि काटा लागल्याचे सांगत फिरले. स्वतःच्या परसात चिबूड कितपत भरलेत ते पाहायला गेले, तर ज्या वेलीवरून हात फिरला तिथली फळे नासली.

त्या श्रावणात उघडीप अशी नव्हतीच. अष्टमी आली तरी गावात कोणाचाच चिबूड पिकला नाही. काल्याच्या सकाळी मात्र आवडूला वासानेच जाग आली. महाराजांनी स्पर्श केलेल्या फुलाच्या जागी घागरीएवढा पिवळाधमक चिबूड, पिकून उकललेला! तिने तो पदराखाली घेतला आणि भिजत देऊळ गाठले.

नैवेद्य पाळण्याखाली ठेवून ती दोरीला हात घालणार, तोच पंत गरजले, "थांब! ही दोरी वांझेने धरायची नाही!" अडवायला त्यांनी हात उगारला, चिंधी सुटली, आणि ते ताठ बोट थेट पाळण्यातल्या बाळकृष्णावर रोखले गेले. बायांनी तोंडावर पदर घेतले.

महाराज ताडकन उठले. "नारो! फळ कुजवलेस, आता देव कुजवतोस?"

पंतांना घाम फुटला. हात मागे घेऊ गेले, तो मागे येईना. "महाराज, चुकलो!" म्हणत ते पायांवर पडू लागले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले. "चिबूड मी लावला नव्हता. तिकडे वळ."

पंत आवडूकडे वळले. आवडू म्हणाली, "वाकण्याआधी सांगा. यापुढे दोरी धरणाऱ्या बाईला मूल आहे की नाही, हे विचाराल?"

"नाही विचारणार," पंत पुटपुटले.

"मोठ्याने सांगा, पंत. मागच्या बायांना ऐकू आले नाही."

"नाही विचारणार!" पंतांचा आवाज पडवीपर्यंत गेला.

आवडूने दोरी ओढली. पाळणा हलला, बायांनी गाणे उचलले, महाराजांचे डोळे भरून आले. खाली नारोपंतांनी तिच्यापुढे कपाळ टेकले. ताठलेले बोट मिटून मुठीत आले. पण सगळ्या नजरा पाळण्याकडे लागल्या होत्या, त्यामुळे पंतांचे बोट कधी वाकले ते कोणी पाहिलेच नाही.