पिवळ्या साताची अंघोळ

मोटारी बोलायच्या तेव्हाची गोष्ट. खेळण्यातल्या छोट्या मोटारी बनवणाऱ्या एका कारागिराच्या खणात, पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावरचा सात आकडा पडून पडून पिवळा झाला होता. पाण्यात भिजायचं, कागद सोडायचा आणि लाल मोटारीच्या दारावर बसायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच कागदावरच्या, जुना होऊन ठिसूळ झालेल्या पाचाचे पाण्यात शिरताच तुकडे झाले होते.

"माझंही तेच होईल गं," सात म्हणाला. "तू नवा आकडा लावून घे."

"माझ्यासाठी थांबलास तू," मोटार म्हणाली. "मी दुसरा कशाला लावू?"

व्हार्निशची बाटली ऐकत होती. "आधी माझा एक थर अंगावर वाळू दे. मग खुशाल भिज."

कारागिराने तसंच केलं. सात पाण्यात उतरला आणि अख्खा दारावर येऊन बसला.

"भीती वाटली?" मोटारीने विचारलं.

"वाटली ना. पण व्हार्निशने मला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं."