निर्गुडीला दिलेली सावली

फार फार वर्षांपूर्वी, सुकेखारला रस्ता नव्हता पण मिठागर होतं, तेव्हाची ही गोष्ट. मिठागरावर ऊन दोनदा लागतं, हे ठाऊक नसेल तर तुम्ही सुखी आहात. एकदा ते वरून लागतं आणि एकदा पांढऱ्या मिठावरून उलटून हनुवटीखाली लागतं. मीठ ओढणाऱ्यांची कातडी चैत्रातच सोलून निघायची.

त्या गावात गोमाय नावाची विधवा होती. टोपल्या वाहून तिचा डावा खांदा खाली झुकलेला. ती बांधावरच्या निर्गुडीचा पाला वाटायची, त्यात कोरफडीचा गर आणि करंजाचं तेल घालायची. असं म्हणतात, की तो लेप लावला की भर उन्हात झाडाखाली बसल्यासारखं वाटायचं.

पण तिची एक रीत होती. सूर्य उगवला की आपली लांब सावली झुडपावर पडेल अशी ती उभी राहायची. "सावली घे, सावली दे," म्हणायची आणि सावली पडली असेल तेवढाच पाला खुडायची. त्याचा लेप व्हायचा रोज एक वाटी. लोक हसायचे. हसतील त्याचे दात दिसतील, म्हणून ती आपला पाला वाटायला बसायची. तिची सावली वर्षागणिक विरळ होत चालली होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका वैशाखात ढग लवकर दिसू लागले. मीठ विरघळण्याआधी उचलायचं म्हणून सतरा माणसं भर दुपारीही राबू लागली. गोमायचा मुलगा पदू त्यांतच होता. त्याची सोललेली पाठ बघून त्याची बायको वालू कळवळली.

"आये, सतरा मानसांना येक वाटी कशी पुरल?"

"निर्गुडी देल तवरीच घ्यायची," गोमाय म्हणाली.

वालूला ते पटलं नाही. सूर्य डोक्यावर असताना ती बांधावर गेली आणि टोपलीभर पाला खुडून आली. त्या वेळी माणसाची सावली पायाखाली असते. पाल्यावर होतं ते नुसतं ऊन. तिने मायेनेच लेप केला आणि सतराही जणांना लावला.

संध्याकाळी सूर्य बुडाला, पण त्या सतरा जणांचं ऊन उतरलं नाही. असं म्हणतात, की बाहेर अंधारलं तशी त्यांची अंगं निखाऱ्यासारखी उजळली. पाणी ओतलं तर वाफ व्हायची. पदूला ओरडायलाही आवाज उरला नव्हता.

"पाला दुपारचा तोरलास?" गोमायने विचारलं. वालू नुसती रडली. गोमाय तिला रागावली नाही.

उजाडताच ती निर्गुडीसमोर जाऊन उभी राहिली आणि एकेका माणसापुरता पाला खुडू लागली. वालूने मागून पाहिलं, तर सासूची सावली झुडपात शिरत होती आणि पायापाशी काहीच उरत नव्हतं. मला हे सांगताना अजून भीती वाटते.

"आये, पुरे."

"सोला झाले. सतरावा राहिलाय," गोमाय म्हणाली. "तो तुजा घरधनी."

त्या पाल्याचा लेप लागला आणि सतराही जण निवले. पदू पाणी मागत उठून बसला. मग गोमाय मिठावरून घराकडे निघाली. तिची सावली कुठेच नव्हती, ऊन तिच्या आरपार जात होतं. वालूने हाक मारली, तेव्हा मिठावर फक्त पावलं उमटत पुढे जात होती. थोड्या वेळाने ती पावलंही थांबली.

दुसऱ्या दिवशी ते सतरा जण कामावर उतरले, तेव्हा प्रत्येकाच्या सावलीचा डावा खांदा खाली झुकलेला होता.

आजही सुकेखारात दुपारी कुणी निर्गुडीला हात लावत नाही. चैत्रात पहिला लेप लावला, की माणसं सूर्याकडे पाठ करून मिठावर उभी राहतात आणि आपापली सावली न्याहाळतात. खांदा झुकलेला दिसला, की "गोमाय आली" म्हणतात आणि कामाला लागतात. ज्याच्या सावलीचा खांदा सरळ दिसतो, त्याला त्या दिवशी घरी पाठवतात.